वरची मूठ

निंगव्वाचे हात संध्याकाळी पिवळे असतात. चिंचोळी एमआयडीसीतून सुटलेला कंपनीचा टेम्पो सोलापूरला बाळे गावच्या चौकात थांबतो, ती उतरते आणि घरी जाऊन आधी मोरीत बसते. दोनदा साबण, मग बेसन. तरी नखांच्या कडेला पिवळी रेघ राहतेच. प्रेसवर काम करणारा संगप्पा गेली कित्येक वर्षं तिला तेच विचारतो, अव्वा, रोज हळद लागती, लग्न कवा? ती सांगते, घरी ह्यांना इचारते आन सांगते.

ही हळद म्हणजे फोम फुगवायची पावडर. कारखान्यात चपलांच्या सोलसाठी लागणाऱ्या फोमच्या शीट बनतात. पावडरीचं लांबलचक नाव डब्यावर छापलेलं असतं, पण तिथं सगळे तिला नुसतं 'पिवळी' म्हणतात. पिवळी तोलून पिशव्या भरणं हे निंगव्वाचं काम. खोली बंद असते, पंखा लावायचा नसतो, कारण पावडर पिठीसाखरेपेक्षा हलकी, जरा वारा लागला की उडते आणि नाकात गेली की खोकला थांबत नाही. म्हणून तोंडाला मास्क, डोक्याला पदर घट्ट, आणि समोर काटा. अकरा वर्षं झाली.

पहिल्या आठवड्यात तिला ह्या कामाचा अर्थच लागत नव्हता. पोतंभर प्लास्टिकचे दाणे, त्यात एवढीशी पावडर कशाला, असं तिनं सुपरवायझर रामहरीला विचारलं. रामहरी जेऊरचा, वयानं तिच्याहून लहान, तिला मावशी म्हणायचा. त्यानं तिला प्रेसपुढं नेऊन उभं केलं. दाणे आणि पावडरी गरम यंत्रात मळून, लाटून, त्यांच्या पट्ट्या काढल्या होत्या. संगप्पानं त्या लोखंडी साच्यात ठेवल्या आणि वरून प्रेसचं झाकण टनांच्या जोरानं येऊन बसलं. आत एकशे सत्तर अंशांची उष्णता. त्या उष्णतेत पिवळी फुटते, रामहरी सांगत होता, आणि तिचा वायू होतो. आपल्या हवेतच असतो तो, नायट्रोजन, बहुतेक तोच. तो प्लास्टिकात लाखो बारीक जागी अडकून बसतो, पण झाकण दाबलेलं असल्यामुळं त्याला फुगता येत नाही. जरा थांबा मावशी.

घड्याळाचा काटा ठरलेल्या मिनिटावर आला आणि प्रेस एकदम उघडला. शीट साच्यातून उडीच मारून बाहेर आली. येता येता वाढली. साच्यात पाटाएवढी होती ती टेबलावर पडेपर्यंत चौरंगाएवढी झाली, आणि पांढरीशुभ्र. पिवळा रंग कुठल्या कुठं गेला होता. गोठ्यात येतो तसा उग्र वास मात्र सुटला. निंगव्वा दोन पावलं मागं सरली होती. मग म्हणाली, ही तर भाकरी हाय की.

रामहरी म्हणाला, "भाकरी फुगून बसती, मावशी. ही फुगून ऱ्हायली पायजे. म्हणून हितं काटा सांगंल तेवडंच. वरची मूठ न्हाय."

त्यानं हे उगाच सांगितलं नव्हतं. सकाळीच त्यानं तिला तोलताना पाहिलं होतं. काटा बरोबर सहाशेवर थांबला, पिशवी भरली, आणि निंगव्वानं डब्यातली चिमूटभर आणखी उचलून वर टाकली. ही सवय तिच्या सासूची. नागम्मा अक्कलकोटच्या बाजारात ज्वारी आणि डाळी विकायची. मापटं शिगोशीग भरायचं, गिऱ्हाइकाच्या पदरात रिकामं करायचं, आणि वर एक मूठ. मूठ राखली तर घर राखत न्हाय, असं ती म्हणायची. सून आली तेव्हा स्वयंपाकाच्या आधी तिनं तिला हे शिकवलं. घरात दोनच माणसं असली तरी पीठ काढताना वर मूठ, शेजारणीला साखर देताना वर मूठ. ह्यावरून नागम्माचं आणि तिच्या मुलाचं आयुष्यभर भांडण चाललं, कारण मुलगा महादेवप्पा सोलापूरच्या मार्केट यार्डात तोलार होता. तीस वर्षं काट्यापाशी उभा राहून तोललेला माणूस. त्याचं म्हणणं, वर मूठ घालणारा आणि खाली मूठ मारणारा, दोघंही काट्याचे चोर.

कारखान्यात निंगव्वानं नवऱ्याची बाजू घेतली. अकरा वर्षांत पुन्हा मूठ पडली नाही. पण सोपं नव्हतं ते. तोलून झालं की हात डब्याकडं निघायचा आणि ती तो मागं घ्यायची.

महादेवप्पाला साखर होती हे त्याला कामावरून निवृत्त झाल्यावर कळलं. पायांना मुंग्या येतात म्हणत होता, मग मुंग्याही येईनाशा झाल्या, म्हणून बरं वाटतंय असं समजला. गेल्या वर्षी तारेचा तुकडा त्याच्या उजव्या पायात दोन दिवस होता आणि त्याला पत्ता नव्हता. निंगव्वानं फरशीवर ओले लाल ठसे पाहिले तेव्हा कळलं. जखम भरायला चार महिने गेले. करंगळी गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या, पण त्यांनी शेवटच्या दिवशी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. नवी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे. ती पुन्हा फुटली तर ह्या वेळी बोटावर भागणार नाही, अर्धं पाऊल जाईल. आता अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. आणि चप्पल बाजारातली नाही, मऊ सोलची, मोजून मऊ. दवाखान्यातच एक कारागीर तशा चपला शिवून द्यायचा, पण त्याच्याकडची शीट संपली होती आणि लांबून यायची ती दोन महिने आली नव्हती.

कारागिरानं दाखवलेला तुकडा निंगव्वानं बोटांनी दाबून पाहिला. दाबला की खाली जायचा, सोडला की वर यायचा. बारीक, पांढरा. तिनं तो मागून घेऊन पदरात बांधला आणि दुसऱ्या दिवशी रामहरीपुढं ठेवला. अशी होती का आपल्याकडं, एवढंच विचारलं.

रामहरीनं तुकड्यात मोजायच्या यंत्राची सुई टोचली. कडकपणा अठरा. आपली चपलेची शीट पस्तीसच्या पुढं. त्यानं दोन दिवस मालकांच्या मागं लागून परवानगी काढली, कसल्याशा नमुन्यासाठी आलेलं मऊ दाण्याचं एकुलतं पोतं मागून घेतलं आणि पिवळीचं, तिच्यासोबत घालायच्या पांढऱ्या पावडरीचं, उष्णतेचं प्रमाण कागदावर उतरवलं. वीस किलो दाणे, सहाशे ग्रॅम पिवळी. दवाखान्याला पन्नासेक जोड्या होतील, मावशी. पहिली म्हाराजांची. महादेवप्पाला तो न बघताच म्हाराज म्हणायचा.

त्या मंगळवारी निंगव्वानं अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून पिवळी तोलायला घेतली. काटा सहाशेवर आला. तिनं पिशवीवर टिचकी मारून शेवटचे कण खाली घेतले. ही पावडर त्यांच्या पायाखाली जाणार, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात हात डब्यात गेला आणि मूठ भरून पिशवीत आला. तिनं ते पाहिलं. पाहूनही पिशवीला गाठ मारली. मुठीनं आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं.

दुपारी संगप्पानं पहिल्यांदा प्रेस उघडला आणि शीट उडी मारून आली ती टेबलावर मावेना. संगप्पा हसला, अव्वा, ही तर गादी झाली. दुसरी तशीच, तिसरीही तशीच, आणि थंड होता होता तिन्हींच्या कडा भेगाळल्या, वैशाखातल्या टाचांसारख्या. रामहरीनं एक शीट मधोमध कापली. चांगल्या शीटची भोकं डोळ्यांना दिसत नाहीत. इथं अनारशाची जाळी पडली होती.

रामहरीनं संगप्पाला फैलावर घेतलं. उष्णता वाढवलीस, नाहीतर घाईनं आधी उघडलास, दोनातलं एक. संगप्पा काटे दाखवत होता, घड्याळ दाखवत होता, शपथ घेत होता. आदल्याच महिन्यात त्याला उशिरा येण्यावरून लेखी ताकीद मिळाली होती. दुसरी मिळाली असती तर प्रेस सुटून पुन्हा पोती उचलायला जावं लागलं असतं, आणि हे तिथं उभ्या सगळ्यांना ठाऊक होतं. निंगव्वा तोलायच्या खोलीच्या दारात होती. तिनं मास्क खाली केला.

"रामहरी, त्याचं काय चुकलं न्हाय. माज्या हातनं मूठ पडली. वरची."

संगप्पानं कपाळावरचा घाम पुसला. रामहरीनं सुईचं यंत्र उचलून शीटमध्ये टोचलं. नऊ. निंगव्वानं आकडा वाचला आणि हिंमत करून विचारलं, ही तर अजून मऊ झाली, मग एक तुकडा नेऊ का ह्यांच्यासाठी?

रामहरीनं तळहाताएवढा तुकडा कापला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर दाण्यांचं भरलेलं पोतं उभं केलं. पाळी सुटायच्या वेळी त्यानं तिला बोलावून पोतं बाजूला केलं. तुकडा खाली दबला होता तो तसाच राहिला. तिनं वाट पाहिली, बोटानं कडा उचकटून पाहिल्या. वर आला नाही.

"मोठं बुडबुडं, पातळ भिंती," रामहरी म्हणाला. "ह्यावर म्हाराजांचा पाय चार दिस ऱ्हाईल, मावशी. मग खाली जमीनच हाय."

पोत्यात आता पाचच किलो दाणे उरले होते. नवं पोतं यायला तीन आठवडे लागणार होते. रामहरी तिच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. मालकांना त्यानं काय सांगितलं हे तिला चार दिवसांनी संगप्पाकडून कळलं. मिश्रणाचं प्रमाण माझ्या देखरेखीत चुकलं, असं सांगून त्यानं बोलणी खाल्ली होती. तिचं नाव निघालंच नव्हतं.

घरी तिनं हात धुवायच्या आधीच महादेवप्पाला सगळं सांगितलं. तो पलंगावर पाय उशीवर ठेवून बसला होता. ऐकलं, आणि हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"आई मेली," तो म्हणाला, "पण मूठ न्हाय मेली."

त्यानं तिला बोल लावला नाही, पण तीन आठवडे त्याला पलंगावर ठेवणं सोपं नव्हतं. दवाखान्यानं तात्पुरती जाड चप्पल दिली होती, ती तो घरात घालायला तयार नव्हता. देव्हारा स्वयंपाकघरात होता. गळ्यात शिवाचं लिंग बांधलेल्या माणसानं पायताण घालून चुलीपुढून जायचं? निंगव्वा कारखान्यात गेली की तो पलंगावरून उतरायचा आणि अनवाणी देव्हाऱ्यापर्यंत जाऊन यायचा. अकरा पावलं, त्यानं नंतर मोजून सांगितली, जणू कमी असल्याबद्दल सूट मिळेल.

रोज संध्याकाळी ती मोबाइलचा उजेड आणि हातातला छोटा आरसा घेऊन त्याचा तळवा बघायची. नवव्या दिवशी अंगठ्याखाली मसुरीएवढा लाल डाग दिसला. तिनं तो दाबला. दुखतंय का, असं विचारायचं होतं, पण विचारण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरीणबाईंनी डाग पाहून पेनानं त्याच्याभोवती गोल काढला. डाग ह्या गोलाबाहेर गेला तर दाखल व्हायचं. तोवर पाय जमिनीला लावायचा नाही.

त्या दिवशी ती नवऱ्यावर रागावली, लग्नाला तेहेतीस वर्षं झाली तरी रागावली नव्हती तशी. माझी एक मूठ कमी पडली म्हणून तुमची ही अकरा पावलं का, असं काहीबाही बोलली. मग दोघांनी तोडगा काढला. पूजा पलंगावर होईल, पाणी, बेल, विभूती ती निघायच्या आधी त्याच्या हाताशी ठेवून जाईल. आणि नवी चप्पल आली की एक जोड नुसता घरातला. जो रस्त्यावर कधी गेलाच नाही, ज्यानं धूळ पाहिली नाही, त्याला पायताण कशाला म्हणायचं? महादेवप्पानं मान हलवली. निंगव्वा सकाळी पाचला उठून पूजेचं ताट मांडायची. शेजारीण दुपारी येऊन त्याला जेवायला वाढायची आणि पाय पलंगावर आहे की नाही ते बघून जायची. डाग गोलाच्या आतच राहिला, पण गेला नाही.

एकविसाव्या दिवशी पोतं आलं. निंगव्वा रामहरीला म्हणाली, आजची पिशवी दुसऱ्या कुणाला तोलू दे. माझ्या हाताचा भरवसा नाही. रामहरी म्हणाला, अकरा वर्षं कुणी तोललं? तुमीच तोला.

तो असंच म्हणणार हे तिला माहीत होतं बहुतेक, कारण ती घरून तयारीनं आली होती. पदराच्या टोकाला ज्वारीची पुरचुंडी बांधली होती. काटा सहाशेवर आला. तिनं टिचकी मारली, कण खाली घेतले. हात डब्याकडं निघाला. तिनं दुसऱ्या हातानं पुरचुंडी सोडली, निघालेल्या हाताची मूठ ज्वारीनं भरली, दुसऱ्यानं पिशवी आवळली आणि बाहेर येऊन ज्वारी मागच्या भिंतीलगत चिमण्यांपुढं टाकली. हाताला काहीतरी द्यावं लागतं, ती नंतर म्हणाली. नुसतं नको म्हटलं तर तो ऐकत नाही.

संगप्पानं त्या दिवशी प्रेस उघडायच्या आधी साच्याला हात जोडले. शीट उडी मारून आली, चौरंगाएवढी, पांढरी, कडा सरळ. रामहरीनं कापून पाहिली, सुई टोचली. अठरा. पोत्याखाली ठेवलेला तुकडा संध्याकाळी मोकळा केला तेव्हा हळूहळू वर आला आणि पहिल्यासारखा झाला. संगप्पा म्हणाला, अव्वा, आता खरंच हळद खेळायला हरकत न्हाय. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण डोळे पुसायला पदर लागला.

कारागिरानं चौथ्या दिवशी दोन जोड शिवून दिले. कडेला शिवण नाही, आत खिळा नाही, अंगठ्याखालच्या जागी आणखी एक थर. घरातल्या जोडाच्या पट्ट्यांवर निंगव्वानं विभूतीचं बोट ओढलं. चपलेला विभूती लावलेली नागम्मानं पाहिली असती तर काय म्हणाली असती, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो बाजूला ठेवला.

महादेवप्पा पलंगाच्या कडेला बसला होता. चप्पल पुढं ठेवली तरी पाय सरकवेना. मग म्हणाला, "मऊ हाय का गं? मला काय कळणार न्हाय."

खरंच होतं ते. ज्या मऊपणासाठी एवढं सगळं झालं, तो त्याच्या पायाला कधीच कळणार नव्हता. निंगव्वा खाली बसली. एका चपलेच्या टाचेत तिनं अंगठा रुतवला, पूर्ण जोर लावून, आणि काढला. खळगा भरून आला. मग दुसऱ्या चपलेत. मग अंगठ्याखालच्या जागी, जिथं तो लाल डाग टेकणार होता तिथं, तळहात ठेवून थोडा वेळ तशीच बसली. माहेरच्या कन्नडमध्ये म्हणाली, "मेत्तग ऐति." मऊ आहे.

त्यानं पाय सरकवले. उभा राहिला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जरा अडला, खाली चपलेकडं पाहिलं, विभूतीचं बोट पाहिलं, आणि आत गेला.

डाग पुढच्या पंधरा दिवसांत फिका पडत गेला. डॉक्टरीणबाईंनी पेनानं काढलेला गोल अंघोळीत पुसून गेला आणि त्यांनी तो पुन्हा काढला नाही. त्या शीटमधून बाकीच्या चपलाही झाल्या. दवाखान्याच्या बाकावर एकदा सांगोल्याकडची एक बाई पाय पसरून बसली होती, तिच्या पायात तोच पांढरा सोल होता. निंगव्वानं तिला काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, चालायला बरं वाटतं का. बाई म्हणाली, बरं वाटतं की, देव भलं करो करणाऱ्याचं. निंगव्वाच्या मनात आधी रामहरी आला, बोलणी खाऊन गप्प राहिलेला, आणि मग साच्याला हात जोडणारा संगप्पा.

अजून रोज संध्याकाळी ती हात धुते, मोबाइलचा उजेड लावते आणि महादेवप्पाचा तळवा मांडीवर घेते. आरसा फिरवते, अंगठ्यानं कातडी चाचपते, टाचेपासून बोटांपर्यंत. तो तिचा चेहरा वाचत असतो, कारण पायाचं त्याला तेवढंच कळतं. "काय म्हणतो?" तो विचारतो. नखांच्या पिवळ्या रेघा त्याच्या पायावरून फिरून येतात आणि ती उजेड बंद करते. "मेत्तग ऐति," ती सांगते, आणि पीठ मळायला उठते. परातीत दोघांपुरतं पीठ पडतं, आणि वर एक मूठ.